मामाच्या ट्रंकेतलं घड्याळ, दोन नळ्यांचा रेग्युलेटर आणि जुन्या पाणबुड्यांच्या गोष्टी

खाडीकाठ (ठाणे) | रविवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी.

मामा गेला त्याला दीड वर्ष झालं. चरईतली त्याची खोली आम्ही गेल्या महिन्यात रिकामी केली. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती, कडीला सुतळी बांधलेली. आत जुन्या लुंगीत गुंडाळलेल्या चार वस्तू निघाल्या: जाड काचेचा लंबगोल मास्क, शिशाची वजनं ओवलेला पट्टा, दोन नळ्या असलेला एक गोल डबा आणि एक घड्याळ.

मामा मुंबई बंदरात खासगी कंत्राटदाराकडे पाणबुड्या होता. जहाजाच्या तळाची पाहणी करायची, पंख्यात गुंतलेला दोरखंड कापायचा, तुटून पडलेला नांगर शोधून त्याला साखळी लावायची, ही कामं. त्या पाण्यात आपलाच हात आपल्याला दिसत नाही, सगळं चाचपून करायचं, एवढंच तो सांगायचा. बाकी फारसं बोलला नाही आणि आम्हीही कधी खोदून विचारलं नाही.

घड्याळ बंद होतं. ते मी एका कारागिराकडे दिलं. 'डायल खराब झालीय, नवी करून देतो' म्हणाला, मी हो म्हटलं. परत आलं ते चकचकीत केशरी डायल घेऊन, जाड रंगाच्या अक्षरांसकट. मूळची काळी डायल, कडेनं तपकिरी पडलेली, खरवडून टाकली होती. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. तुमच्या घरी अशी वस्तू असेल तर ती कुणाच्या हातात देण्याआधी तिची ओळख करून घ्या, म्हणून हा धागा.

सुरुवात त्या डब्यापासून करतो. तो म्हणजे रेग्युलेटर, टाकीतली हवा श्वासापुरती सोडणारं यंत्र. वितभर रुंदीचा, क्रोम चढवलेला, एका बाजूला भोकं असलेला. पट्टीवर 'मिस्त्राल' हे नाव आणि ला स्पिरोटेक्निक ही फ्रेंच कंपनी. हे मॉडेल १९५५ मध्ये आलं. दक्षिण फ्रान्समध्ये वाहणाऱ्या बोचऱ्या वाऱ्याचं नाव त्याला दिलंय. मामाकडे तो कुठल्याशा फ्रेंच जहाजावरून आला असं आई सांगते. नळ्यांचं रबर वाळून गेलंय, बोटानं दाबलं की वळ्यांमध्ये भेगा उघडतात. आतला पडदा मात्र अजून मऊ आहे.

आता कोडं. हवा आत यायला एक नळी पुरते. मग दुसरी कशाला? उच्छ्वास तोंडापाशीच पाण्यात सोडून दिला असता तर काय बिघडलं असतं?

---

नौपाडाकर | रविवार, रात्री ९.५०

वाचनखूण साठवली. लहानपणी चित्रांत पाणबुड्यांच्या खांद्यावरून पुढे आलेल्या दोन नळ्या पाहिल्या होत्या, त्यांचा हा प्रश्न कधी पडला नाही. माझा अंदाज: बुडबुडे डोळ्यांसमोर येऊ नयेत म्हणून?

---

वाशीची_लाट (वाशी) | रविवार, रात्री १०.२०

मी दोन वर्षांपूर्वी बहिणीबरोबर तारकर्लीला स्कूबा केलं. आमच्या तोंडातल्या यंत्राला एकच नळी होती आणि बुडबुडे गालांजवळूनच जात होते. म्हणजे तोंडापाशी सोडलेलं चालतं की. मग पूर्वी काय अडचण होती?

---

खाडीकाठ (ठाणे) | रविवार, रात्री ११.०५

नौपाडाकर, बुडबुडे मागे जातात हा फायदा खराच, फोटो काढणाऱ्यांना तो आजही आवडतो. पण मूळ कारण वेगळं.

एमिल गान्यां हा एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या वायूवर चालवायची वेळ आली. इंजिन ओढेल तेवढाच वायू सोडणारी झडप त्यानं बनवली होती. १९४२ च्या डिसेंबरात फ्रेंच नौदलातला अधिकारी झाक कुस्तो त्याच्याकडे गेला. त्याला हवं होतं तेही तेच, फक्त इंजिनाच्या जागी माणसाची छाती. पाठीवर डबा, त्यात रबराचा पडदा. श्वास ओढला की पडदा आत जातो, तरफ दबते, टाकीतली हवा सुटते.

१९४३ च्या सुरुवातीला मार्न नदीत कुस्तोनं पहिली चाचणी घेतली. आडवं पोहताना सगळं ठीक. उभा राहिला की हवा धो धो वाहून वाया जाऊ लागली. डोकं खाली केलं की श्वासच ओढवेना.

पडदा पाठीवर होता आणि उच्छ्वासाची झडप तोंडापाशी. दोघांत वीतभर अंतर. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्या हिशेबात वीतभर म्हणजे काहीच नाही. पण श्वास ओढायला छाती जो जोर लावते तोही तेवढाच बारीक असतो. उभं राहिलं की झडप पडद्याच्या वर येते, तिथे पाण्याचा दाब कमी, म्हणून हवा आपोआप सुटत राहते. उलटं झालं की नेमकं उलट.

उपाय असा निघाला की उच्छ्वासाची झडप पडद्याच्या शेजारीच बसवायची. मग माणूस कसाही वळला तरी दोन्ही एकाच पातळीवर. तोंडातली हवा मागे डब्यापर्यंत न्यायची म्हणून दुसरी नळी. पुढे त्याच वर्षी जूनमध्ये बांदोलच्या किनाऱ्यावर कुस्तो ते घेऊन समुद्रात उतरला आणि या यंत्राची, म्हणजे अ‍ॅक्वालंगची सुरुवात झाली.

लाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. एका नळीच्या यंत्रात पडदाच तोंडापाशी आणलेला असतो, झडपेच्या जवळ. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडनं १९५२ च्या सुमारास 'पॉरपॉइज' नावानं तसं यंत्र विकायला काढलं. पुढे सगळं जग त्याच वाटेनं गेलं.

---

नौपाडाकर | सोमवार, सकाळी ७.३०

वीतभर अंतर! सकाळी चहा घेताना बायकोला वाचून दाखवलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

उरणचा_तांडेल | सोमवार, दुपारी २.१०

खाडीकाठ दादा, तुमच्या मामांच्या कामाबद्दल वाचून बरं वाटलं. मी बॉम्बे हायला जाणाऱ्या बोटींवर २२ वर्षं होतो. न्हावा बेसवरून सुटायचो. पाणबुड्या नव्हतो, डेकवर त्यांची टाकी, दोर, होज (हवेची नळी) सांभाळायचो.

जुन्या टाक्यांची एक गोष्ट सांगतो. पूर्वी पाण्याखाली हवा किती उरली हे दाखवणारा काटा प्रत्येकाकडे नसायचा. मग टाकीवर 'जे व्हॉल्व्ह' असायचा. आत एक स्प्रिंग. टाकीतला दाब सुमारे ३०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) उतरला की ती हवा अडवायची. श्वास जड झाला की पाणबुड्यानं कमरेजवळ आलेली तारेची सळई खाली ओढायची, की राखीव हवा मोकळी. तेवढ्यात वर यायचं. 'जे' आणि साधा 'के' ही नावं कशी पडली माहीत आहे? अमेरिकेतल्या कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमध्ये त्या वस्तूंपुढे ती अक्षरं होती. बाकी काही अर्थ नाही.

यातला धोका जुनी माणसं आम्हाला बजावून सांगायची. सळई कुठल्या दोराला, कठड्याला अडकून आधीच खाली ओढली गेली, तर पाणबुड्याला कळतच नाही. राखीव म्हणून धरलेली हवा त्यानं केव्हाच श्वासात घेतलेली असते. म्हणून दोघांनी उतरताना एकमेकांची सळई हात लावून बघायची.

ट्रंकेत टाकी नव्हती का?

---

खाडीकाठ (ठाणे) | सोमवार, दुपारी ४.००

नाही तांडेल काका, टाकी बहुधा कंत्राटदाराची असावी. तुम्ही लिहिता आहात हे या धाग्याचं भाग्य. घड्याळांबद्दलही सांगा, तुमच्या बोटीवरचे पाणबुडे कुठली घालायचे?

---

घड्याळवेडा_ठाणे | सोमवार, रात्री ८.४५

आधी मी दोन शब्द लिहितो. केशरी डायलचं वाचून पोटात कालवलं.

जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुनं सिको, एचएमटी, सिटिझन, फेवर ल्युबा घ्यायचं, आतलं यंत्र पुसायचं, डायल नव्यानं रंगवायची, मिळतील ते काटे लावायचे आणि इंटरनेटवर विकायचं. आपल्या शहराचं नाव असं जोडलं गेलंय याचं मला दुःख आहे, कारण याच शहरात उत्तम हात असलेले कारागीरही आहेत. ओळखायचं कसं? भिंगातून अक्षरांची कड बघा. कारखान्यातली छपाई पातळ आणि धारदार असते, हातरंगातली फुगीर. सिकोच्या डायलवर अगदी खाली, सहाच्या आकड्यालगत, बारीक अक्षरांत क्रमांक असतो आणि त्याची सुरुवात यंत्राच्या क्रमांकानं होते. मागच्या झाकणावर एक क्रमांक आणि डायलवर दुसराच, किंवा डायलवर काहीच नाही, तर समजून जा.

दुसरं, आपल्याकडे घरोघरी सापडणारं फेवर ल्युबा 'सी चीफ'. नावात समुद्र आहे म्हणून ते पाणबुड्यांचं घड्याळ असं सांगून विकतात. ते रोजच्या वापराचं चावीचं घड्याळ, उत्तम, पण पाण्यात नेण्याचं नव्हे. फेवर ल्युबाचा मुंबईत व्यापार १८६५ पासूनचा, म्हणून ती आपल्याकडे इतकी दिसतात. याच कंपनीचं पाण्यासाठीचं खरं नवल म्हणजे १९६८ चं 'बॅथी'. त्याच्या पाठीला भोकं असतात! पाणी मुद्दाम आत येऊ द्यायचं, ते एका लवचीक चकतीला दाबतं आणि वरचा काटा खोली दाखवतो. मीटरवालं 'बॅथी ५०', फुटांचं 'बॅथी १६०'. मनगटावर, सेलशिवाय, खोली मोजणारं घड्याळ. मी आयुष्यात एकदाच हातात घेतलंय.

धागाकर्त्याचं घड्याळ कुठलं? केसचा आकार सांगा, मागचा फोटो असेल तर उत्तमच.

---

वाशीची_लाट (वाशी) | सोमवार, रात्री ९.३०

एक शंका. माझ्या भावाच्या घड्याळाला बाहेरून फिरणारी रिंग आहे. ती एकाच बाजूला का फिरते? त्याला विचारलं तर 'स्टाइल' म्हणाला.

---

घड्याळवेडा_ठाणे | सोमवार, रात्री १०.१५

भावाला हे वाचायला द्या.

पाण्यात उतरताना रिंगवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा रिंगवर जिथे असेल तितकी मिनिटं पाण्याखाली झाली. हवा किती उरली याचा अंदाज आणि अंगात नायट्रोजन किती मुरला याचा हिशेब (जास्त मुरला तर एकदम वर येता येत नाही), दोन्ही या मिनिटांवर. त्या हिशेबाची कोष्टकं १९०८ मध्ये जॉन हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं मांडली, त्यासाठी प्रयोग केले होते बकऱ्यांवर.

आता समजा, रिंगेला कुठे धक्का बसला आणि ती सरकली. चुकीच्या दिशेनं सरकली तर २५ मिनिटं झालेली असताना १५ दिसतील, आणि माणूस आणखी दहा मिनिटं खाली थांबेल. एकाच दिशेनं फिरणारी रिंग सरकली तरी झालेला वेळ जास्तच दाखवते. माणूस लवकर वर येतो.

हे ब्लांपां या घड्याळ कंपनीच्या झां-झाक फिश्टरला स्वतःवर बेतलं तेव्हा सुचलं. तो हौशी पाणबुड्या होता. दक्षिण फ्रान्समध्ये खाली असताना वेळेचं भान सुटलं, हवा संपली आणि घाईनं वर यावं लागलं. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाचे रॉबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे अधिकारी आपल्या पाणसैनिकांसाठी घड्याळ शोधत होते. १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' तयार झालं. एक फॅदम म्हणजे ६ फूट, पन्नास म्हणजे ९१ मीटरच्या थोडं वर.

रोलेक्सचं सबमरिनरही १९५३ चंच. त्याची रिंग सुरुवातीची अनेक वर्षं दोन्हीकडे फिरायची, हे खूप जणांना खरं वाटत नाही. आणि त्याच्याही आधी, १९३२ मध्ये, ओमेगाचं 'मरीन' आलं होतं, डबीत डबी बसवलेलं.

माझं आवडतं मात्र डोक्सा, १९६७. त्याच्या रिंगवर दोन वर्तुळं: आत मिनिटं, बाहेर खोली. अमेरिकी नौदलाचं कोष्टकच रिंगवर कोरलेलं. ६० फुटांवर ६० मिनिटं, १०० फुटांवर २५, १३० फुटांवर १०. यापेक्षा जास्त थांबलात तर वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबावं लागेल. डायल केशरी, आणि ती केशरी कारखान्यातून आलेली.

---

पितळी_खजिना (नेरूळ) | मंगळवार, सकाळी ११.२०

विषय निघालाच आहे तर शिरस्त्राणांबद्दल लिहितो. शोपीसच्या दुकानांत तांब्या-पितळेची मोठाली पाणबुड्यांची शिरस्त्राणं दिसतात, 'यूएस नेव्ही मार्क फाइव्ह' अशी पट्टी लावलेली. जवळजवळ सगळी आपल्याच देशात शोभेसाठी बनलेली असतात. शोभेची म्हणून घ्यायला काही हरकत नाही. 'जहाज फोडताना निघालंय' म्हणून कुणी लाखभर मागितले तर मात्र थांबा.

अस्सल मार्क फाइव्ह १९१६ पासून अमेरिकी नौदलात होतं आणि १९८० च्या दशकापर्यंत चाललं. छातीच्या पत्र्यासकट त्याचं वजन २५ किलोच्या आसपास. पूर्ण पोशाख, शिशाचा पट्टा, जड बूट धरून ८५ किलोच्या पुढे. नकली एका हातानं उचललं जातं. अस्सलचा गोल भाग तांब्याचा, जोडकाम पितळेचं; नकली बहुतेकदा पातळ पत्र्याचं. सगळ्यात खात्रीची खूण मानेशी: अस्सल शिरस्त्राण छातीच्या पत्र्यावर ठेवून आठवा हिस्सा फिरवलं की घट्ट बसतं. आतल्या हवेच्या वाटेला परत न फिरणारी झडप असते. होज तुटलाच तर आतली हवा उलटी निसटून माणसाचा देह दाबाखाली चिरडू नये म्हणून. नकलीत ती जागा नुसती नळी असते.

या पोशाखाचा पूर्वज ऑगस्टस सीब यांचा. १७८२ मध्ये बुडालेल्या रॉयल जॉर्ज या ब्रिटिश युद्धनौकेचे अवशेष १८३९ पासून पुढची काही वर्षं काढत होते, तिथे तो कसाला लागला. आधीच्या पोशाखात शिरस्त्राण खालून उघडं असायचं, वाकलं की पाणी आत. बंद पोशाखाची गरज तिथल्या कामातून पटली.

---

उरणचा_तांडेल | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

दादा, घड्याळांचं विचारलंत. बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल लागलं. तिथे पाणी ७५-८० मीटर. एवढ्या खोलीवर साध्या हवेनं काम करता येत नाही, नायट्रोजनची नशा चढते. म्हणून ऑक्सिजनमध्ये हेलियम मिसळायचं. पाणबुडे बोटीवरच्या बंद टाकीत, खालच्याच दाबात, आठवडे-आठवडे राहायचे. जेवण छोट्या झडपेतून आत. शेवटी दाब उतरवायला साधारण दर ३० मीटरला एक दिवस. आत आठ दिवस राहा की वीस, दाब उतरवायला वेळ तेवढाच, कारण अंगात वायू जेवढा मुरायचा तेवढा मुरून झालेला असतो.

हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकासारखा होतो. बोलणं कळावं म्हणून वेगळं यंत्र लागायचं. घरून फोन आला आणि त्या आवाजात बोलावं लागलं की काही जण नंतर गप्प बसायचे.

आणि घड्याळ! दाब उतरत असताना एकदा टाकीत 'टक्' झालं. एकाच्या घड्याळाची काच उडून गादीवर पडली. मला वाटलं काहीतरी आदळलं. आमच्या सुपरवायझरनं समजावलं: हेलियमचे कण इतके बारीक की रबराच्या वॉशरमधून आत शिरतात. बाहेरचा दाब उतरला की आतला हेलियम तेवढ्या लवकर निघू शकत नाही आणि काच ढकलून देतो.

---

घड्याळवेडा_ठाणे | मंगळवार, रात्री ९.००

तांडेल काका, हे मी पुस्तकी वाचलं होतं, पाहिलेल्या माणसाकडून पहिल्यांदाच ऐकतोय.

यावर कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा काढल्या. रोलेक्सनं १९६७ च्या सी-ड्वेलरमध्ये केसच्या कडेला छोटी झडप बसवली, आतला हेलियम तिथून बाहेर जातो. सिकोनं उलटा विचार केला: हेलियम आत येऊच द्यायचा नाही. १९६८ मध्ये हिरोशिमा भागातल्या एका पाणबुड्यानं त्यांना पत्र लिहिलं होतं की तुमची घड्याळं आमच्या कामात टिकत नाहीत. सात वर्षं खपून १९७५ मध्ये ६०० मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ काढलं. मागचं झाकणच नाही, एकसंध केस, काचेखाली इंग्रजी एल आकाराचं वॉशर.

त्याच्याच पट्ट्याला वळ्या आहेत, भात्यासारख्या. खोलवर गेलं की रबरी सूट दाबानं पातळ होतो आणि घट्ट बांधलेला पट्टा सैल पडून घड्याळ घरंगळतं. वळ्यांचा पट्टा ताणून बांधला तर खाली गेल्यावर आपोआप आवळतो.

रशियन 'अँफिबिया'ची युक्तीही सांगतो, १९६७ ची. त्यांनी मागचं झाकण आणि रबर असं बसवलं की बाहेरचा दाब जितका वाढेल तितकं झाकण अधिकच घट्ट बसावं. साधी यंत्रसामग्री वापरून २०० मीटर.

---

नौपाडाकर | मंगळवार, रात्री ९.४०

आजोबांच्या घड्याळाचे आकडे पूर्वी अंधारात चमकायचे, आता चमकत नाहीत. म्हणजे त्यातलं रेडियम संपलं असं धरायचं का? पॉलिश करून घ्यायचा विचार होता.

---

घड्याळवेडा_ठाणे | मंगळवार, रात्री १०.०५

कृपया थांबा. चमकणं बंद झालं ते झिंक सल्फाइड थकलं म्हणून. रेडियम तसंच आहे, ते निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. त्या रंगाची धूळ श्वासातून जाता कामा नये. झाकण उघडू नका, खरवडू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. बंद ठेवून कपाटात असू द्या. नंतरच्या काळात ट्रिटियम आलं, ते १२ वर्षांत निम्मं होतं, आणि नव्वदच्या दशकापासून नुसत्या उजेडावर भारणारे रंग.

---

खाडीकाठ (ठाणे) | गुरुवार, रात्री ८.२०

मंडळी, दोन दिवस लिहू शकलो नाही. आज घड्याळवेडा यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे घड्याळ नीट निरखलं.

कोपरे गोलावलेली जाड केस, चावीचं बटण चारच्या आकड्यापाशी, आट्यांचं. मागच्या झाकणावर लाटेचं चित्र कोरलेलं आहे. मनगटावर घासून घासून लाटेचा वरचा फेस पुसट झालाय, पायथ्याच्या रेषा मात्र स्पष्ट आहेत. क्रमांक ६३०९-७०४०. म्हणजे सिकोचं १५० मीटरवालं, आपोआप चावी भरणारं. रिंग दोन्हीकडे फिरते, खटखट आवाज करत.

त्याखालच्या सहा अंकी क्रमांकात पहिला आकडा ९, पुढे इंग्रजी एन. पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, दुसरी खूण महिन्याची: १ ते ९ साधे आकडे, मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. हे मॉडेल १९७६ ते १९८८ एवढंच निघालं, म्हणजे ९ हा अंक एकाच साली बसतो. नोव्हेंबर १९७९.

आईला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ८० सालच्या भाऊबीजेला तो नवं घड्याळ घालून आला होता. ओवाळताना मी हात धरला तर म्हणाला, जपून, याच्यावरच माझा जीव आहे. तिला तेव्हा वाटलं होतं, घड्याळाचं कौतुक करतोय.

---

वाशीची_लाट (वाशी) | गुरुवार, रात्री ८.५०

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

---

घड्याळवेडा_ठाणे | गुरुवार, रात्री ९.१०

६३०९ च्या मूळ डायल अजून मिळतात, बिघडलेल्या घड्याळांतून काढलेल्या. घाई करू नका, त्याच काळातली, त्याच क्रमांकाची बघू. रंगवलेली डायल फेकू नका, डबीत ठेवा. आणि त्या कारागिरानं मूळ काटे बदललेत का ते आधी तपासायला हवं; सेकंदकाट्यावर चमकणारा ठिपका आहे का?

---

खाडीकाठ (ठाणे) | गुरुवार, रात्री ९.२५

ठिपका आहे. रंग उडालाय, पण आहे.

---

उरणचा_तांडेल | गुरुवार, रात्री ९.४०

दादा, वॉशर बदलून दाबाखाली तपासून घेतल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. पावसातसुद्धा नको. आणि रेग्युलेटरच्या नळ्या वाकवू नका, आत सुती कापड भरून आडव्या ठेवा. मी रविवारी ठाण्याला मुलीकडे येतोय. चालत असेल तर घेऊन या, मला तो डबा एकदा हातात घेऊन बघायचाय.

---

खाडीकाठ (ठाणे) | गुरुवार, रात्री ९.५५

नक्की काका. रविवारी सकाळी १० वाजता, तलावपाळीला, कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूला. आईपण येते म्हणतेय. ज्यांना जमेल त्यांनी या, घड्याळवेडा यांनी भिंग आणावं.